फोंडा असो की काणकोण : ताज्या फुलांचा बुके मागवताना या चुका टाळा

फोंडा, डिचोली, साखळी, कुडचडे, काणकोण, पेडणे. गोव्यातल्या या गावांत बुके बांधून देणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. एखाद्याकडे लहानसा फ्रिज असतो, बाकीच्यांचं काम पाण्याच्या बादल्यांवर चालतं. माल रोज थोडाच येतो आणि दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. पणजीत किंवा मडगावात एका दुकानात नसलेलं फूल दुसऱ्या दुकानात मिळून जातं, इथे ती सोय नाही. म्हणून छोट्या गावात ऑर्डर देताना फुलांच्या बाबतीत थोडं सैल राहावं आणि पत्ता, वेळ, वाहतूक यांच्या बाबतीत काटेकोर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि पैसे वाया घालवतात.

फोटो पाठवून "अगदी असाच हवा" म्हणणं

गोव्यात बुकेत वापरली जाणारी बरीच फुलं घाटापलीकडून येतात. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन आणि लिली मुख्यतः बेंगळूर-पुण्याकडची, शेवंती आणि निशिगंध बेळगावच्या बाजूचे. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरून माल पोचतो तेव्हा दुकानदाराच्या हाती काय पडेल, हे त्यालाही आदल्या दिवशी पुरतं सांगता येत नाही. पावसाळ्यात घाटात झाड पडलं, दरड आली की सकाळचा माल दुपारी येतो आणि तोवर निम्मा मान टाकतो.

अशा दुकानाला इंटरनेटवरचा ट्युलिपचा किंवा हायड्रेंजियाचा फोटो पाठवला, तर दुकानदार हातात असलेल्या फुलांत त्याची नक्कल करायला बघतो. मुख्य फूल बदलतं, रंग जुळवायला कालचा माल वापरला जातो आणि ना फोटोतला बुके मिळतो, ना त्या दिवशीची ताजी फुलं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : "आज काय आलंय, आणि उद्या सकाळी काय येणार?" त्याच्या उत्तरावर रंग, आकार आणि बजेट ठरवा, आणि कोणतं फूल अजिबात नको तेही सांगा. उदाहरणार्थ, "गुलाबी आणि पांढरा रंग, हातात धरण्याचा गुच्छ, लिली नको, बाकी तुमच्याकडे ताजं असेल ते घाला." ही मोकळीक मिळाली की चांगला फुलवाला सर्वांत चांगल्या दांड्या तुमच्या बुकेत घालतो.

आकड्याच्या आग्रहातही एक खोच आहे. डच गुलाब साधारणपणे २० दांड्यांच्या जुडीत येतात. तुम्ही २५ मागितले की दुसरी जुडी फोडावी लागते. छोट्या दुकानात ती परवाची असू शकते, मग पाच गुलाब बाकीच्यांच्या आधी माना टाकतात. आकड्याला खास अर्थ नसेल तर १० किंवा २० घ्या. २५व्या वाढदिवसाला २५च हवे असतील तर दोन दिवस आधी सांगा, म्हणजे दोन्ही जुड्या एकाच मालातल्या मागवता येतील. "मोठा बुके" एवढंच सांगितलं तर आकार जिप्सोफिलाच्या बारीक पांढऱ्या फुलांनी, पानांनी आणि कागदाने वाढवला जातो. मुख्य फुलांच्या दांड्या किती असतील, ते आधीच विचारून घ्या.

निळे गुलाब आणि गडद निळी ऑर्किड रंगवलेली असतात. तो रंग पाण्यात उतरतो, कपड्यालाही लागतो. साडी नेसून स्वागताला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात असा बुके देऊ नये. पाकळ्यांवर चकाकीचा स्प्रे मारलेली फुलंही लवकर कोमेजतात.

पावसाळ्यात आणि मे महिन्याच्या उकाड्यात गुलाबाचा हट्ट सोडलेलाच बरा. अँथुरियम, हेलिकोनिया आणि डेंड्रोबियम ऑर्किड गोव्यात पिकतात, दमट हवेला सरावलेली असतात आणि घाटाच्या वाहतुकीवर अवलंबून नसतात. अँथुरियम नीट पाण्यात ठेवलं तर दोन आठवडे सहज टिकतं, ऑर्किडची दांडी दहा-बारा दिवस. कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) सुपारीची पानं आणि क्रोटन यांची हिरवाई जोडली की बुके भरगच्च दिसतो आणि आपल्या मातीतला वाटतो. आमच्या मते गोव्यातल्या फुलवाल्यांनी हे गिऱ्हाइकाला आपणहून सुचवायला हवं.

देशभर चालणाऱ्या साइटवर डोळे झाकून पैसे भरणं

बाहेरगावी राहणारी मुलं आईच्या वाढदिवसाला हेच करतात, आणि सोय म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण मोठी साइट बहुधा ऑर्डर गोव्यातल्याच एखाद्या दुकानाकडे सोपवते. साइटचा वाटा कापून उरलेल्या रकमेत बुके बांधायचा असतो, त्यामुळे तेवढ्याच पैशांत दांड्या कमी येतात. पिन कोड स्वीकारला म्हणजे गावात दुकान आहे असंही नाही. ४०३४०१ हा पिन फोंडा शहरासोबत आसपासच्या गावांनाही लागतो, त्यामुळे साइट "डिलिव्हरी उपलब्ध" म्हणते आणि प्रत्यक्षात बुके पणजीहून निघतो.

पैसे भरण्यापूर्वी वस्तूच्या माहितीत "कुरियरने" असा उल्लेख आहे का ते बघा. कुरियरची फुलं खोक्यात एक-दोन दिवस बंद असतात आणि आपल्या हवेत खोकं उघडेपर्यंत वाफाळून काळी पडतात. त्यापेक्षा नकाशावर त्या गावातलं दुकान शोधा, फोन करा, व्हॉट्सअॅपवर बोला आणि निम्मे पैसे आगाऊ पाठवा. उरलेले, तयार बुकेचा फोटो आल्यावर. फोटो दोन मागा : एक वरून आणि एक दांड्यांच्या बाजूने, दोन्ही दिवसाच्या उजेडात. दांड्यांचा फोटो मागणारं गिऱ्हाईक जाणकार आहे हे दुकानदाराला लगेच कळतं.

पत्त्यात फक्त गाव आणि घर क्रमांक देणं

बुके उशिरा पोचण्याचं किंवा परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. गोव्यात घर क्रमांकावरून घर सापडत नाही, ते वाड्यावरून, म्हणजे गावातल्या वस्तीच्या नावावरून, सापडतं. आणि वाड्यांची नावं गावोगावी तीच : देऊळवाडा, भाटवाडी, गावणवाडा. गावांच्या नावांचंही तसंच. केरी फोंडा तालुक्यात आहे, सत्तरीत आहे आणि पेडण्यातही आहे. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे, तसाच सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातही आहे. फोंडा शहरात तिस्क नावाचा भाग, उसगावलाही तिस्क, दोन्ही एकाच तालुक्यात. वेरें मांडवीच्या काठी बार्देशात, सावईवेरे फोंड्यात. नकाशाच्या अॅपमध्ये माशेलचं 'मार्सेला', कवळ्याचं 'क्वेला' आणि बांदोड्याचं 'बांदोरा' झालेलं असतं, त्यामुळे बाहेरून आलेला डिलिव्हरी बॉय गावात पोचूनही गाव शोधत राहतो.

पत्ता असा पाठवा :

"केरी, तालुका फोंडा (सत्तरीची नव्हे). देऊळवाडा. मुख्य रस्त्यावरून देवळाकडे वळल्यावर डाव्या हाताचं तिसरं घर, हिरवं गेट, दारात तुळशीवृंदावन. घरी मावशी आणि काका असतात, सकाळी ११ नंतर. मावशींना आधी सांगितलेलं नाही, म्हणून फोन काकांना करा. काका उचलत नसतील तर मला करा."

यासोबत व्हॉट्सअॅपचं लोकेशन जोडा, पण ते त्या घरात असलेल्या माणसाकडूनच मागवा. मुंबईत बसून नकाशावर अंदाजाने टोचलेली खूण वाडा चुकवते. सत्तरी आणि धारबांदोड्याच्या आतल्या गावांत नेटवर्क जातं, तिथे दोन नंबर हवेतच, आणि लोकेशन उघडलं नाही तर वाचता येईल अशी लिहिलेली खूण हवी : चॅपल, खुरीस (क्रूस), घुमटी, पंचायत, रेशन दुकान. चोडण किंवा दिवाडीला पाठवायचं असेल तर फेरीबोटीची वेळ धरून अर्धा-पाऊण तास जास्त द्या आणि दुकानदाराला ते बेट आहे हे आठवणीने सांगा.

सरप्राइजच्या नादात घरातल्या कुणालाच न सांगणं ही याच चुकीची बहीण. घराला कुलूप, बुके व्हरांड्यात उन्हात, आणि संध्याकाळी लग्नाहून परतलेल्या माणसाला मिळतो तो पाचोळा. घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला विश्वासात घ्या.

दुपारची वेळ मागणं

छोट्या गावांत बरीच दुकानं दुपारी १च्या सुमारास बंद होतात आणि ४च्या आसपास उघडतात. रविवारी काही अर्धा दिवसच असतात. दुपारी २ची डिलिव्हरी मागितली तर बुके साडेबारालाच बांधून ठेवला जातो आणि सर्वांत कडक उन्हात निघतो. सकाळी साडेदहा ते साडेबारा किंवा संध्याकाळी साडेचार ते सात, ही चांगली वेळ. अमुक मिनिटाला मागू नका, दीड-दोन तासांची मोकळीक द्या. रात्री १२ वाजता केक-बुके पोचवण्याची शहरातली रीत इथे बहुधा चालत नाही. कुणी हो म्हणालं, तरी तो बुके संध्याकाळी ७ला बांधलेला असतो.

साध्या दिवशी आदल्या संध्याकाळपर्यंत ऑर्डर द्या, म्हणजे दुकानदाराला सकाळच्या मालात तुमची फुलं बाजूला काढता येतात. १४ फेब्रुवारी, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण), नाताळ आणि लग्नसराईचे मुहूर्त यांच्या आसपास चार-पाच दिवस आधी सांगा. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं कबरींवर फुलं वाहतात, त्या आठवड्यात पांढऱ्या फुलांना मागणी असते. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला डिचोलीकडे मोगरा अपुरा पडतो, तेव्हा बुकेत मोगऱ्याचा गजरा गुंफून मागू नका. गणेश चतुर्थीला कारागीर आपापल्या घरी जातात, बाजार दोन दिवस ओस असतो. त्या दिवसांत कुणाचा वाढदिवस असेल तर बुके चतुर्थीच्या आधी किंवा दुकानं उघडल्यावर पाठवावा. मधल्या दिवशी हट्टाने मिळवलेली फुलं शिळीच असतात.

वाहतूक कशी होणार हे न विचारणं

बहुतेक बुके दुचाकीवर जातात. काही दुकानदार ओळखीच्या मोटारसायकल पायलटच्या (भाड्याने दुचाकी चालवणाऱ्याच्या) हाती पाठवतात, आणि तो गावातला कोपरा न् कोपरा ओळखत असल्यामुळे पत्ता चुकत नाही. प्रश्न वाऱ्याचा असतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात उघडा बुके २० मिनिटं राहिला तर पाकळ्यांच्या कडा सुकतात, जरबेराच्या माना वाकतात. साधारण दीड फुटापर्यंतचा गुच्छ खोक्यात उभा ठेवून, वरून कागद गुंडाळून दुचाकीवर नेता येतो. त्याहून उंच टोपलीची रचना रिक्षाने किंवा कारनेच पाठवा, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या.

दांड्यांच्या टोकाला ओला कापूस आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली हवी. हे सांगितल्याशिवाय होत नाही. वरचा प्लास्टिकचा कागद मात्र तोंडाशी उघडा असावा. बंद प्लास्टिकमध्ये आपल्या दमट हवेत आतून पाणी सुटतं आणि गुलाबाच्या पाकळ्यांवर करडे-तपकिरी ठिपके येतात. ती बुरशी असते, रात्रीत पसरते.

कारने नेत असाल तर डिकीत ठेवू नका आणि बंद कारमध्ये सोडून कामाला जाऊ नका. पुढच्या सीटच्या पायाशी उभा ठेवा, एसीचा झोत थेट लागू देऊ नका.

हाती आल्यावर न तपासणं

बुके घेतला की गुलाबाची कळी देठाच्या जरा वर, फुगीर भागावर, दोन बोटांत हलकेच दाबा. आत घट्ट लागलं तर फूल ताजं. मऊ, पोकळ लागलं तर ते आतून उमलून गेलेलं आहे, बाहेरून कितीही मिटलेलं दिसो. जुन्या गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या काढून टाकून त्याला कळीसारखं केलेलं असू शकतं, ते याच दाबण्यात कळतं. सगळ्यांत बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, जाडसर किंवा डागाळलेल्या असतील तर घाबरू नका, त्या कळीचं रक्षण करतात आणि अलगद काढता येतात. मग दांडीचं टोक बघा. हिरवट-पांढरं असेल तर ठीक, तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर ती दांडी बरेच दिवस बादलीत होती. लिलीत एखादीच कळी उमललेली आणि बाकीच्या मिटलेल्या असणं उत्तम, कारण ती फुलं आठवडाभर एकामागून एक उमलतात.

घरी आल्यावर काय बिघडतं, आणि उपाय

गुलाबाने मान टाकली, पण कळी अजून घट्ट आहे, तर तो वाचतो. दांडीत हवा किंवा घाण अडकून पाणी वर चढेनासं झालेलं असतं. धारदार सुरीने खालचा २-३ सेंटिमीटर भाग तिरका कापा, शक्य असल्यास पाण्याखाली धरून. कळीसकट सगळी दांडी वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा आणि मानेपर्यंत कोमट पाण्यात एक-दोन तास उभी ठेवा. कात्रीने चिमटून कापू नका, दांडीच्या नळ्या दाबल्या जातात.

जरबेराची दांडी पोकळ आणि लवदार असते, खोल पाण्यात ती सडते. तिला ५-७ सेंटिमीटर पाणी पुरे, पण ते रोज बदलायला हवं.

लिली उमलली की आतले केशरी परागकोश बोटांवर कागद धरून काढून टाका. परागांचा डाग कपड्यावर पडला तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचलून घ्या. घरात मांजर असेल तर लिली मागवूच नका. तिचे पराग किंवा पाण्याचा घोटसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरतो.

कार्नेशन अचानक मिटून झोपल्यासारखी झाली तर आसपास फळं आहेत का बघा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि फुलं अवेळी म्हातारी होतात. मे महिन्यात मानकुराद आंबे पिकत घातलेल्या खोलीत, किंवा केळ्याच्या घडाखाली फुलदाणी ठेवली तर दोन दिवसांत बुके संपतो. याच कारणाने फळांच्या फ्रिजमध्ये फुलं ठेवू नयेत. ऑर्किड आणि अँथुरियम तर कोणत्याही घरगुती फ्रिजमध्ये नकोत, १० अंशांखालच्या थंडीत ती काळवंडतात.

टोपलीतली रचना पाणी धरून ठेवणाऱ्या हिरव्या फोमवर खोचलेली असते. फोम एकदा पूर्ण सुकला की पुन्हा पाणी नीट शोषत नाही, म्हणून रोज सकाळी कपभर पाणी मधोमध, हळूहळू ओता. पहिल्याच दिवशी सगळी फुलं एकदम मान टाकत असतील तर फोम आतून कोरडाच आहे. फोम पाण्यावर तरंगत ठेवून आपोआप बुडू द्यायचा असतो, घाईत दाबून बुडवला की आत हवेची गाठ राहते. अशी फुलं काढा, टोकं कापा आणि सरळ फुलदाणीत लावा.

फुलदाणीसाठी १ लिटर पाण्यात १ चमचा साखर, २ चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा साधं ब्लीच घाला. साखर फुलांना पोसते, लिंबू पाणी वर चढायला मदत करतं, ब्लीच जंतू रोखतं. नुसती साखर घातली तर पाणी दुसऱ्याच दिवशी वास मारतं. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाका, दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि प्रत्येक वेळी दांडी थोडी कापा.

आजारी माणसाला पाठवताना आधी वॉर्डात विचारा, आयसीयूत फुलं घेत नाहीत. साध्या खोलीतही उग्र वासाची लिली किंवा निशिगंध नको.

तक्रार करायची असेल तर

बुके मिळाल्यापासून तासाभरात फोटो काढा : पूर्ण बुके, बिघडलेलं फूल जवळून, आणि दांड्यांची टोकं. संध्याकाळी पाठवलेल्या फोटोवर दुकानदार "घरी पाणी दिलं नाही" म्हणू शकतो आणि ते खोटं ठरवता येत नाही. बोलताना पैसे परत मागण्याऐवजी "उद्याच्या ताज्या मालातून पाच दांड्या बदलून द्या" असं मागा. छोट्या गावातला दुकानदार याला बहुधा तयार होतो, कारण दांड्या देणं त्याला परवडतं आणि ओळखीचं गिऱ्हाईक गमावणं परवडत नाही. फुलाचा रंग किंचित वेगळा निघाला, कागद दुसरा लागला, यासाठी भांडू नका. मऊ गुलाब, बुळबुळीत दांड्या, न विचारता बदललेलं मुख्य फूल आणि चुकीच्या वाड्यात फिरून आलेला बुके, यांसाठी मात्र ठामपणे बदली मागा. पत्ता तुम्हीच अर्धवट दिला असेल तर दुसऱ्या फेरीचं भाडं तुम्हीच भरा.